परसात कोंबड्या-बदकांसोबत कबुतरं ठेवायची आहेत: एकाच छपराखाली चालेल का?

कृष्णाकाठचं परस:

नमस्कार मंडळी. कराडजवळ राहतो. घरामागे कुंपण घातलेलं ३० बाय २० फुटांचं परस आहे. सध्या १० गावरान कोंबड्या, १ कोंबडा आणि ४ खाकी कॅम्पबेल बदकं आहेत. खुराडं ८ बाय ६ फूट, उंची ७ फूट. खाली ३ फूट विटांचं बांधकाम, वर जाळी आणि पत्रा. बदकं त्याच खुराड्यात एका कोपऱ्यात बसतात. दिवसभर सगळे परसात मोकळे, दिवेलागणीला आत.

आता कबुतरं आणायची आहेत, २ जोड्या लक्का (पंख्यासारख्या शेपटाची जात) आणि २ जोड्या होमर (लांबून घरी परतणारी जात). खुराड्याचा वरचा अर्धा भाग रिकामाच असतो. तिथे भिंतीला खोकी ठोकली तर जागा आणि पत्र्याचा खर्च दोन्ही वाचेल असं वाटतंय. हे चालेल का? दाणा म्हणून कोंबड्यांचंच लेयर (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं) खाद्य आणि थोडी ज्वारी देता येईल का? कोंबड्या स्वतः पिल्लं होत्या तेव्हा त्यांना राणीखेत रोगाची लासोटा दिली होती, तीच लस कबुतरांना चालते का? एक जण पूर्ण वाढलेली होमर स्वस्तात देतोय, ती आमच्याकडे टिकतील का? आणि एक कोंबडी सारखी खुडूक होते (अंड्यांवर बसून राहते), तिच्याखाली कबुतराची अंडी ठेवली तर? पुढे २ टर्की आणायचाही विचार आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

ढाबळवाला:

वरच्या भागात खोकी ठोकू नका. कबुतरं वर आणि कोंबड्या खाली अशी मांडणी केली की वरची विष्ठा रात्रंदिवस खालच्यांच्या पाठीवर, दाण्यात आणि पाण्यात पडणार. कोंबडी खाली पडलेलं सगळं उकरून खाते. शिवाय कबुतराचं पिल्लू साधारण ४ आठवड्यांचं झालं की घरट्यातून खाली उतरतं आणि त्या वेळी त्याला नीट उडता येत नसतं. कोंबडा किंवा एखादी दांडगी कोंबडी त्याच्या डोक्यात चोची मारते, सकाळी दार उघडेपर्यंत पिल्लू गेलेलं असतं. तिसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. खुराड्यातल्या ओल्या तुसातून निघणारा अमोनिया हवेपेक्षा हलका असतो, तो वर चढून पत्र्याखाली साठतो आणि तिथेच बसलेली कबुतरं रात्रभर तो ओढतात. बदकं आत असतील तर ओल आणखी वाढते. नाकातून पाणी, एका डोळ्याला सूज, उडताना धाप लागणं हे सगळं त्यातून सुरू होतं.

परस एकच असू दे, पण छप्पर वेगळं आणि पाण्याचं भांडं वेगळं. बाकीच्या बाबतीत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, या दोन बाबतींत नाही.

४ जोड्यांसाठी ६ बाय ४ फुटांची ढाबळ (कबुतरांचं घर) पुरे. उंची साडेसहा फूट ठेवा, म्हणजे आत उभं राहून साफसफाई होते. पुढच्या बाजूला ४ बाय ४ फुटांचा जाळीचा पिंजरा जोडा, सकाळचं ऊन खायला आणि अंघोळीला. सगळा सांगाडा लोखंडी अँगलचा करा आणि जमिनीपासून अडीच फूट उचला. पाय जुन्या इंजिन ऑइलच्या वाट्यांत ठेवा. ही वाटी मुंग्यांसाठी आहे. अंडं फुटायला लागलं की मुंग्या आत शिरतात आणि पिल्लू बाहेर यायच्या आत मरतं, लोक मात्र अंडंच खराब होतं म्हणून सोडून देतात.

जाळी सगळीकडे १ इंच बाय अर्धा इंच गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश. षटकोनी कोंबडीजाळी घेऊ नका. तिच्यातून उंदीर आणि लहान साप सहज जातात आणि घूस ती कुरतडते. तळालाही हीच वेल्डमेश, म्हणजे विष्ठा आणि सांडलेला दाणा खालच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये पडेल. ढाबळीखालची मोकळी जागा चारी बाजूंनी जाळीने बंद करा, नाहीतर कोंबड्या खाली शिरून तेच खात बसतील. कराडकडे पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजू पत्र्याने बंद, पूर्वेची बाजू उघडी, आणि छप्पर दीड-दोन फूट बाहेर काढलेलं. छपराखाली चारी बाजूंना ४ ते ६ इंचांची फट जाळी लावून सोडा. गरम दमट हवा तिथून निघून जाते.

प्रत्येक जोडीला एक नाही, दोन खोकी लागतात. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की मादी पुढची अंडी घालते. दुसरं खोकं नसेल तर ती त्याच घरट्यात घालते आणि पिल्लांच्या पायाखाली अंडी फुटतात. म्हणजे ४ जोड्यांना ८ खोकी. होमरसाठी १८ इंच रुंद, १२ इंच खोल, १२ इंच उंच. लक्काचं शेपूट मोठं असतं, त्याला रुंदी २४ इंच द्या. पुढे ४ इंच उंचीची फळी लावा, पिल्लू घरंगळत नाही. आत ९ इंच व्यासाचा मातीचा परळ (पसरट भांडं) ठेवा. परळ नुसता गुळगुळीत ठेवला तर पिल्लांचे पाय फाकतात आणि ते पुढे नीट होत नाहीत, म्हणून तळाला काथ्या किंवा वाळलेल्या कडुलिंबाच्या काड्या घाला. उरलेल्या काड्या नर स्वतः आणतो, त्या त्याच्यासाठी परसात टाकून ठेवा.

खोकी शक्यतो एकाच उंचीवर लावा. सगळ्यात वरच्या खोक्यासाठी नर भांडतात आणि त्यात अंडी जातात. बसायच्या जागा पक्ष्यांच्या दीडपट ठेवा, ८ पक्ष्यांना १२.

लक्का आणि होमर एकत्र ठेवायचं असेल तर मधे जाळीचा पडदा टाका. होमर नर लक्काला खोक्यातून हाकलतो, आणि जोडीदार फुटला तर संकर होतो. लक्काला मोकळं उडवूच नका. पंख्यासारख्या शेपटामुळे त्याला वेग घेता येत नाही आणि शिक्रा हा शिकारी पक्षी पहिल्यांदा त्यालाच उचलतो. लक्काची अंडी वारंवार रिकामी निघत असतील तर नर-मादी दोघांच्या गुदद्वाराभोवतीची पिसं कात्रीने आखूड करा, फलन सुधारतं.

पूर्ण वाढलेली होमर स्वस्तात मिळतायत, ती घेऊ नका. घेतलीच तर ती कायम पिंजऱ्यातच राहतील. मोठं झालेलं होमर महिनोन्महिने बंद ठेवलं तरी सोडल्यावर जुन्या ढाबळीकडे जातं. ५ ते ६ आठवड्यांची, नुकतीच स्वतःचा दाणा टिपायला लागलेली पिल्लं घ्या. त्यांना कसं सोडायचं ते हवं असेल तर वेगळं सांगतो.

पशुवैद्यक, मराठवाडा:

ढाबळीचं वर आलंय, मी आजारांपुरतं लिहिते. लसीपासून सुरू करते.

राणीखेत, म्हणजे ज्याला गावाकडे मानमोडी म्हणतात, त्याच्या विषाणूचाच एक प्रकार कबुतरांत फिरतो. लक्षणं थोडी वेगळी दिसतात: कबूतर भरपूर पाणी पितं, हिरवट पातळ विष्ठा टाकतं, मान पिळवटते, दाणा टिपताना चोच बाजूला पडते. कोंबड्यांसारखी धडाधड मर होत नाही, म्हणून मालक बरेच दिवस वाट बघत बसतो आणि तोवर विषाणू परसभर पसरतो. हा विषाणू कबुतरांकडून कोंबड्यांकडे जातो. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये कोंबड्यांत राणीखेतच्या ज्या साथी आल्या, त्या कबुतरांच्या विष्ठेने दूषित झालेल्या खाद्यातून पसरल्या होत्या. म्हणून खाद्याचं पोतं उघडं ठेवू नका, झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा.

कोंबड्यांचं वेळापत्रक असं: ५ ते ७ दिवसांच्या पिल्लाला लासोटा किंवा एफ-१, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. ४ आठवड्यांच्या सुमारास लासोटाची पुन्हा मात्रा. ८ आठवड्यांना आर-२-बी, कातडीखाली. पिल्लं असताना दिलेली एकच लासोटा आयुष्यभर पुरत नाही. तुमच्या कोंबड्यांना पुढच्या मात्रा मिळाल्या नसतील तर कबुतरं आणायच्या आधी त्या पूर्ण करा.

कबुतरांना लासोटा देणारे बरेच आहेत, पण तिच्याने मिळणारं संरक्षण कमी आणि थोड्या काळाचं असतं. आर-२-बी कबुतराला देऊच नका, ती जिवंत आणि लासोटापेक्षा तीव्र लस आहे. कबुतरांसाठी मारलेल्या विषाणूची, म्हणजे किल्ड लस वापरायची, वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी. ती मानेच्या मागच्या बाजूला, खांद्यांजवळ, कातडी चिमटीत उचलून, सुईचं टोक शेपटाकडे ठेवून द्यायची. डोक्याजवळ किंवा मानेच्या मध्यावर टोचू नका. कबुतराच्या मानेच्या कातडीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. सुई त्यात गेली तर पक्षी हातातच रक्तस्राव होऊन मरतो, आणि लोक समजतात की लस बाधली.

यानंतर ज्या गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही ती: जंताचं औषध. कोंबड्यांच्या पाण्यात अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल मिसळणं सर्रास चालतं. कबुतरांना ही औषधं बाधतात. अस्थिमज्जेवर परिणाम होतो, रक्तातल्या पेशी घटतात, पीस झडण्याच्या काळात दिलं तर नवी पिसं वेडीवाकडी येतात, पक्षी दगावतोही. कोंबड्यांना हे औषध द्याल त्या दिवशी कबुतरं त्या पाण्यापर्यंत पोचता कामा नयेत. कबुतरांसाठी पायपेराझिन किंवा पायरँटल आहे, मात्रा वजनावर ठरते, पशुवैद्यकाकडून घ्या.

कँकर हा कबुतरांचा घरचाच आजार म्हणा. मोठी कबुतरं ठणठणीत दिसतात, पण घशात ट्रायकोमोनास हा एकपेशीय जीव बाळगून असतात आणि पिल्लांना भरवताना तो देतात. पिल्लाच्या तोंडात पिवळा, चिजासारखा थर दिसतो, पिल्लू गिळू शकत नाही आणि वाळत जातं. कोंबड्या आणि टर्कीलाही तो होऊ शकतो, आणि रस्ता एकच: सामायिक पाणी किंवा ओला दाणा. हा जीव कोरड्यात लगेच मरतो. म्हणूनच पाण्याचं भांडं वेगळं ठेवायचं, रोज घासून उलटं वाळवायचं आणि दाणा कायम कोरडा ठेवायचा. उपचाराला मेट्रोनिडाझोल गटातली औषधं असतात. ती तपासणी करूनच द्यायची आणि ज्यांची अंडी किंवा मांस खाता त्या पक्ष्यांना अजिबात द्यायची नाहीत. कोंबड्यांचं भांडं वेगळं असायला हे दुसरं कारण.

रक्ती हगवणीची मात्र फार चिंता नको. कोंबडीचा कॉक्सिडिया (या हगवणीचा जीव) कबुतराला होत नाही आणि कबुतराचा कोंबडीला होत नाही. देवीचंही तसंच. कबुतरांच्या देवीचा विषाणू वेगळा आणि कोंबड्यांचा वेगळा, पण दोन्ही पसरवणारे डास तेच. पावसाळा संपताना डोळ्याभोवती, चोचीच्या मुळाशी, पायांवर फोड येतात. खपली ओढू नका, विषाणू तिच्यातच असतो. पोव्हिडोन आयोडीन लावा, ३ ते ४ आठवड्यांत ती आपोआप गळते. रात्री ढाबळीला मच्छरदाणीचं कापड लावलं तर निम्मं काम होतं. साल्मोनेला आणि केसासारखे बारीक जंत या दोन गोष्टी मात्र सगळ्यांत सामायिक आहेत. त्यांना उंदीर, ओल आणि विष्ठा मिसळलेला दाणा पोसतात.

टर्की आणू नका. कोंबड्यांच्या आंधळ्या आतड्यात एक जंत असतो, त्याच्या अंड्यातून ब्लॅकहेड या आजाराचा जीव मातीत पडतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. कोंबडीला सहसा काही होत नाही, टर्कीचं यकृत मात्र खराब होतं आणि पिवळी विष्ठा टाकत ती मरते. ज्या परसात कोंबड्या फिरल्या आहेत तिथे टर्की सुरक्षित राहत नाही. शिवाय ब्रॉयलर खाद्यातलं सॅलिनोमायसिन हे औषध टर्कीला विषारी आहे.

नवीन पक्षी आणले की ३० दिवस घराच्या दुसऱ्या टोकाला वेगळे ठेवा. आधी जुन्यांचं करायचं, मग नव्यांचं, आणि तिथली चप्पल वेगळी.

शेवटचं माणसांचं. वाळलेली विष्ठा झाडताना उडणारी धूळ आणि पिसांवरची पांढरी पूड फुफ्फुसात जाते. घरात कुणाला दमा असेल, किंवा ढाबळीत गेल्यावर कोरडा खोकला-धाप आणि चार दिवस गावाला गेलं की बरं वाटतं असं होत असेल, तर डॉक्टरांना कबुतरं आहेत हे आवर्जून सांगा. विष्ठा आधी पाण्याने भिजवून मगच खरवडा, एन-९५ मास्क लावून. ढाबळ झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळ नको.

चिपळूणचा पिंजरा:

वरच्या दोघांचं बहुतेक मान्य. पण कोंबड्या आणि कबुतरं एका जाळीत ठेवताच येत नाहीत असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. २० बाय १२ फुटांचा आणि ८ फूट उंचीचा मोठा पिंजरा असेल, कबुतरांची खोकी एका टोकाला बंद छपराखाली असतील, त्या टोकाखाली कोंबड्यांना जाता येत नसेल, आणि कोंबड्या फक्त दिवसा आत येऊन रात्री आपल्या खुराड्यात जात असतील, तर जमतं. कोंबडा नको, आणि कोंबड्या बँटमसारख्या लहान जातीच्या हव्यात. पिल्लं घरट्यातून उतरायच्या आठवड्यात कोंबड्या बाहेर. कबुतरांचा दाणा ५ फूट उंचीच्या फळीवर द्यायचा, आणि तोही मोजून. या अटी पाळायला जागा लागते, तुमच्या परसात ती नाही, त्यामुळे तुम्हाला वेगळी ढाबळच योग्य.

कोकणातल्या पावसाचं थोडं सांगतो, कारण सातारा-कराड पट्ट्यातही जुलै-ऑगस्टमध्ये हेच होतं. पावसाळ्यात जोड्या मोडा. जूनच्या सुरुवातीला नर एकीकडे, माद्या दुसरीकडे, मधे जाळी. दमट हवेत पिल्लं वाढवली की कँकर आणि सर्दी हटकून येते, शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरात पिसं झडतात, त्यावर पिल्लं भरवायचा ताण पडला की मादी खंगते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकत्र सोडा, पहिल्या आठवड्यात त्या जुन्या जोड्या जुळवून घेतात.

कबुतरमाशी हा दुसरा त्रास. तपकिरी, चपटी, पिसांत सुळकन घुसणारी माशी. ती रक्त पिते आणि कबुतरांचा मलेरिया पसरवते. तिचे काळे चमकदार कोश घरट्याच्या काड्यांत आणि तळाच्या धुळीत पडतात. पिल्लं उठली की घरट्याच्या काड्या बाहेर काढून जाळायच्या, परळ उन्हात तापवायचा, खोक्याच्या तळाला परमेथ्रिन पावडर, पिल्लांच्या अंगावर नाही. दर विणीला हे केलं तर माशीचं चक्र तुटतं. तुमच्या खुराड्याच्या विटांच्या भेगांत गोचीड असेल तीही बघा. ती दिवसा भेगेत लपते आणि रात्री पक्ष्यांचं रक्त पिते. रात्री टॉर्च घेऊन बसायच्या दांड्यांच्या टोकांशी बोट घालून बघितलं की कळतं. सगळ्या भेगा सिमेंटने बुजवा आणि वर्षातून दोनदा चुना द्या.

बदकांना मात्र आधी खुराड्यातून बाहेर काढा. ४ बदकांना ४ बाय ४ फुटांचा बुटका निवारा पुरतो, बसायच्या दांड्या लागत नाहीत. त्यांचं पाणी परसाच्या उताराच्या टोकाला ठेवा. वरच्या टोकाला ठेवलं तर सगळं परस चिखल.

कृष्णाकाठचं परस:

सगळ्यांचे मनापासून आभार. वेगळी ढाबळ बांधतो, टर्की रद्द, बदकांना वेगळं घर. खुराडं परसाच्या पश्चिम भिंतीला आहे. ढाबळ नेमकी कुठे घेऊ? होमरची पिल्लं सोडायची पद्धत, आणि खुडूक कोंबडीचं राहिलं. ४ जोड्यांची किती पिल्लं होतात, त्यांचं काय करायचं? आणि किल्ड लस मोठ्या बाटलीतच मिळते म्हणतात, ८ पक्ष्यांसाठी काय करावं?

ढाबळवाला:

खुराडं पश्चिमेला असेल तर ढाबळ ईशान्य कोपऱ्यात घ्या, मधे निदान १० फूट सुटू द्या. शेजाऱ्याच्या भिंतीपासूनही ४ फूट आत. पिंजऱ्याचं तोंड परसाच्या आतल्या बाजूला ठेवा, पक्षी तुमच्याच मोकळ्या जागेवर उतरायला शिकतात.

सोडण्याचं असं. पिल्लं आणल्यावर वेगळेपणाचा महिना झाला की पिंजऱ्यात ठेवा, तिथून त्यांना आजूबाजूची छपरं, झाडं, आकाश दिसलं पाहिजे. दाणा देताना दर वेळी एकच आवाज करा, डब्यात दाणे खुळखुळवा किंवा शीळ. दोन आठवड्यांनी, वारा आणि ढग नसलेल्या दिवशी, सकाळचा दाणा अर्धा द्या आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी दार उघडा. भुकेला पक्षी लांब जात नाही आणि अंधार पडायच्या आत परततो. तासाभराने डबा वाजवा. आत येण्यासाठी एका दिशेने झुलणाऱ्या सळयांचं दार लावा, दोन सळयांत २ इंच अंतर, सळयांची खालची टोकं फक्त आतल्या बाजूला हलतात, बाहेरून ढकलून पक्षी आत येतो, आतून बाहेर जाता येत नाही. पोटभर खाऊ घालून सोडलेली कबुतरं शेजारच्या सोलर पॅनेलवर आणि पाण्याच्या टाकीवर बसून राहतात. तक्रारी तिथूनच सुरू होतात. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हापासून लोक कबुतरांकडे वेगळ्या नजरेने बघतात. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा आणि सोसायटी किंवा ग्रामपंचायतीचा काही नियम आहे का ते विचारा.

खुडूक कोंबडीखाली कबुतराचं अंडं उबेल, पण पिल्लू जगणार नाही. कोंबडीचं पिल्लू जन्मल्यावर स्वतः टिपतं. कबुतराचं पिल्लू आंधळं आणि उघडं जन्मतं, आणि पहिले काही दिवस आईबापाच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणाऱ्या दुधावरच जगतं. हे दूध नर-मादी दोघांनाही येतं, कोंबडीला येत नाही. अंडी दुसऱ्याकडे द्यायचीच तर अशा कबुतराच्या जोडीला द्या जिने तुमच्या जोडीच्या एक-दोन दिवस पुढेमागे अंडी घातली आहेत.

पिल्लांचा हिशोब: एका विणीला २ अंडी, दुसरं अंडं पहिल्यानंतर साधारण ४४ तासांनी, उबवण १८ दिवसांच्या आसपास. पावसाळा वगळला तरी एक जोडी वर्षाला ५ विणी सहज करते. ४ जोड्यांची ४० पिल्लं. ती सगळी तुम्हाला नको असणार. अंडी नुसती काढून घेऊ नका, मादी ८ ते १२ दिवसांत पुन्हा घालते आणि झिजते. खऱ्या अंड्यांच्या जागी त्याच आकाराची लाकडी किंवा प्लास्टिकची अंडी ठेवा. जोडी १८-२० दिवस बसते, मग कंटाळून उठते, तेवढीच विश्रांती. अंडी घातल्यापासून दोन-तीन दिवसांच्या आत बदला. पाळायला किती पिल्लं हवीत ते वर्षाच्या सुरुवातीला ठरवा, तेवढ्याच विणींना खरी अंडी राहू द्या.

दाणापाणी:

खाद्याचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. लेयर खाद्य कबुतरांना नको. ते भुकटीसारखं असतं, कबूतर दाणा सबंध गिळतं, भुकटी त्याला नीट उचलता येत नाही. त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या वर असतं, अंडी न घालणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. उलट कबुतरांचा दाणा कोंबड्यांना रोज पोटभर दिला तर प्रथिनं कमी पडून अंडी घटतात.

१० किलोचं मिश्रण सांगतो: ज्वारी अडीच किलो, गहू २, बाजरी दीड, बारीक दाण्याचा मका दीड, मूग किंवा मटकी १, मसूर १, करडई अर्धा किलो. यात साधारण १३ ते १४ टक्के प्रथिनं येतात. पिल्लं असताना मका १ किलो कमी करून तेवढी मटकी वाढवा. एका पक्ष्याला दिवसाला ३० ते ३५ ग्रॅम, म्हणजे ८ पक्ष्यांना पाव किलोच्या आसपास, दोन वेळांत. १५-२० मिनिटांत संपेल एवढंच टाका आणि उरलेलं उचला. पक्ष्यांनी आवडीचे दाणे वेचून बाजरी तशीच ठेवली तर दुसरं काही देऊ नका, पुढच्या वेळी थोडं कमी द्या, मग सगळं खातात.

मका नीट बघून घ्या. टोकाला काळी-हिरवट बुरशी, किंवा मूठ नाकाशी नेल्यावर कुबट वास आला तर परत करा. बुरशीतलं अफलाटॉक्सिन बदकांना फार थोड्या मात्रेत मारतं, कबुतरं आणि कोंबड्यांच्या आधी बदकं जातात. पावसाळ्यात महिन्याला पुरेल एवढाच दाणा भरा, ऊन पडेल तेव्हा वाळवून घ्या.

कबुतराला दात नाहीत आणि दाणा सालीसकट, म्हणून ग्रिट (पोटात दाणा दळायला लागणारा खडेरी चुरा) रोज हवं: शिंपल्याचा चुरा २ भाग, विटेचा बारीक चुरा २ भाग, लाकडी कोळशाचे तुकडे अर्धा भाग, आणि दर किलोला २० ग्रॅम मीठ. मीठ याहून वाढवू नका. हे कोरड्या वाटीत, छपराखाली. ओलं झालं की टाकून द्या.

कबूतर चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवून एका दमात पाणी ओढतं, कोंबडीसारखी मान वर करत नाही. भांड्यात निदान दीड इंच पाणी हवं आणि वर झाकण, फक्त डोकं जाईल एवढी फट. एरवी पक्ष्यामागे ४० ते ६० मिली लागतं, एप्रिल-मे मध्ये आणि पिल्लं भरवताना दुप्पट. आठवड्यातून दोनदा ४ इंच खोल पसरट घमेल्यात अंघोळीला पाणी द्या आणि तासाभराने ओतून टाका, नाहीतर तेच घाण पाणी पितात. उडायला सोडलेल्या होमरना बदकांच्या टबापर्यंत पोचू देऊ नका. सोडायच्या आधी टबावर जाळी टाका.

ट्रेमधली विष्ठा झाडांना चांगली, पण ताजी घालू नका, मुळं जळतात. तूस किंवा पालापाचोळ्यात मिसळून, ओली ठेवून तीन महिने कुजवा.

पशुवैद्यक, मराठवाडा:

लसीच्या बाटलीबद्दल. किल्ड लस शेकडो मात्रांच्या बाटल्यांत येते, कारण ती फार्मसाठी बनते. कराड-सातारा भागात कबुतरं पाळणारे भरपूर आहेत, चार-पाच ढाबळी मिळून एक बाटली घ्या आणि सगळ्यांनी एकाच दिवशी टोचा. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही. ती २ ते ८ अंश तापमानात, बर्फाच्या डब्यात न्यायची, गोठू द्यायची नाही. गोठलेली लस वरून तशीच दिसते पण काम करत नाही. टोचायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा आणि हलवा, थंड तेलकट लस टोचली की गाठ येते. मात्रा लेबलवर बघा आणि कबुतराच्या वजनाला किती ते स्थानिक पशुवैद्यकाला विचारून ठरवा. ४ आठवड्यांखालच्या पिल्लांना आणि आजारी पक्ष्यांना त्या दिवशी टोचू नका.

पक्षी एका ठिकाणी गोळा करायचे नाहीत, बाटली ढाबळीढाबळीने फिरू द्या. सुया प्रत्येक मालकाच्या स्वतःच्या, आणि जिथे कुणी मान वाकडी केलेलं किंवा पातळ हगणारं कबूतर आहे ती ढाबळ सगळ्यात शेवटी. पक्षी अचानक एकापाठोपाठ मरायला लागले तर घरी चिरून बघू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू सापडला तेव्हापासून अशी मर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायची असते. मेलेला पक्षी दुहेरी प्लास्टिक पिशवीत, बर्फावर ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका, पेशींची तपासणी होत नाही. दवाखान्यातून नमुना पुण्याच्या औंध इथल्या रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवता येतो.